पाण्यातले झारेकरी

काय दोस्तांनो, चाचणी परीक्षा संपली ना? मग आता निवांत बसा आणि आधी मागच्या आठवड्याच्या कोड्याचं उत्तर घ्या. कोडं होतं : 'पाण्यात शिरतो आणि नाहीसा होतो, पाणी आटलं की पांढरा होऊन पुन्हा समोर उभा राहतो, तो कोण?' बरोबर, मीठ! भांड्यातलं मिठाचं पाणी बघून कुणी सांगू शकेल का, की यात मीठ आहे म्हणून? नाही. चव घेतली तरच कळतं.

हे कोडं मी उगाच घातलं नव्हतं. आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझ्याच चुकीची आहे. हो, बाईसुद्धा चुकतात!

झालं असं. चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालला होता. मी काचेच्या भांड्यात गढूळ पाणी घेतलं, त्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवला आणि भांडं टेबलावर ठेवून दिलं. तास संपेपर्यंत गाळ खाली बसला, वरचं पाणी नितळ झालं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "पाहा बरं, पाणी कसं स्वच्छ झालं!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश.

आठ दिवसांनी माझ्या वर्गातली एक मुलगी दप्तरातून बाटली काढून माझ्यासमोर उभी राहिली. तिचं नाव मी इथं सांगणार नाही. वर्गात सगळे तिला 'प्रश्नवाली' म्हणतात, आपणही तेच म्हणू. ती म्हणाली, "बाई, हे आमच्या घरामागच्या नाल्याचं पाणी. परवा हिरवंगार होतं. मी तुमच्यासारखी तुरटी फिरवली, रात्रभर ठेवलं, वरचं वरचं ओतून घेतलं. बघा, झालं की नाही स्वच्छ? आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मग या पाण्यानं तांदूळ धुतले तर चालतील ना? आईनं तुम्हाला विचारायला सांगितलंय."

बाटलीतलं पाणी खरंच जवळजवळ नितळ दिसत होतं. आणि माझ्या पोटात धस्स झालं.

तिला 'नितळ म्हणजे स्वच्छ' हे कुणी शिकवलं होतं? मीच! शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. तिच्या आईला म्हटलं, "ताई, हे पाणी तांदळाला नको, भांड्यांना नको, कशालाच नको." नशीब, त्यांनी अजून वापरलं नव्हतं. चहा घेऊन मी निघाले, तर प्रश्नवाली गल्लीच्या टोकापर्यंत सोबत आली आणि म्हणाली, "पण बाई, त्यात जे आहे ते दिसतच नाही, तर ते काढायचं कसं?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मग मी वाचलं, विचारलं, वर्गात एक खेळही करून पाहिला. ते उत्तर आज तुम्हा सगळ्यांना सांगते.

दिसत नाही, पण आहे

आमची भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. दिवसरात्र मागांची खटखट चालू. माग बंद पडला की आमच्या मुलांना झोप येत नाही म्हणतात! जिथं कापड, तिथं रंग आलाच. रंग पाण्यात गेला तर डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण लगेच सावध होतो. पण काही रंगांत तांब्यासारखे धातू असतात. धातूंवर चमकदार मुलामा देतात त्या कामाच्या पाण्यात तांबं, निकेल, क्रोमियम असू शकतं. जुन्या बॅटऱ्यांत शिसं असतं. हे धातू थोड्या प्रमाणात पाण्यात विरघळले की मिठासारखे गडप होतात. रंग नाही, वास नाही, काही नाही.

तुरटीनं गाळ बसतो, थोडाफार रंगही बसतो, पण विरघळलेला सगळा धातू काही बसत नाही. पाणी उकळलं तर? जंतू मरतात. पण धातू हा काही जंतू नव्हे, तो मरत नाही! उलट पाण्याची वाफ होऊन पाणी कमी होतं आणि धातू तेवढाच राहतो. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच.

आणि धातू किती लागतो? आता जरा गणित करू. पिण्याच्या पाण्यात शिसं जास्तीत जास्त किती चालेल, याचं भारतीय मानक आहे : एका लिटरमध्ये ०.०१ मिलिग्रॅम. मग १ ग्रॅम शिशानं किती लिटर पाणी या मर्यादेला पोचेल? करा भागाकार. उत्तर येतं १ लाख लिटर! म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. आणि १ ग्रॅम शिसं म्हणजे केवढं? तुरीच्या एका दाण्याएवढं.

जपानमधल्या मिनामाता गावाची हकिगत तर सगळ्या जगानं ऐकली. तिथल्या एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा समुद्राच्या आखातात जात होता. तो माशांच्या अंगात साठला आणि मासे खाणाऱ्यांच्या अंगात गेला. आधी गावातली मांजरं वेड्यासारखी नाचू लागली, झटके येऊन मरू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं. १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. समुद्राचं पाणी मात्र निळंशार आणि सुंदरच दिसत होतं!

झारेकऱ्याची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, बाई, घाबरवू नका, उपाय सांगा. सांगते. त्याआधी एक जुना धंदा ऐका.

पूर्वी सोनारांच्या पेढ्यांसमोर सकाळी सकाळी एक माणूस झाडू घेऊन यायचा. दुकानासमोरची धूळ, राख, गटारातला गाळसुद्धा तो गोळा करायचा. या माणसाला झारेकरी म्हणतात. सोनार दागिना घासतो तेव्हा सोन्याचे बारीक कण उडतात, धुळीत पडतात. झारेकरी ती धूळ घमेल्यात पाण्यानं हलवून हलवून धुतो. माती हलकी, ती वाहून जाते. सोनं जड, ते तळाशी राहतं. मुंबईच्या झवेरी बाजारात अशी धूळ आणि गाळ धुणारी माणसं आजही दिसतात. ज्याला आपण घाण म्हणतो, त्यात त्यांना दोन घास दिसतात.

झारेकरी दोन कामं एकदम करतो, बघा. माल वाया जाऊ देत नाही आणि गटारही साफ करतो. आपल्याला पाण्यात विरघळलेल्या धातूसाठी असाच झारेकरी हवा आहे. पण विरघळलेला धातू घमेल्यात हलवून खाली बसत नाही. त्याला पकडायला हात हवेत. फार बारीक हात!

साखळीवाली मंडळी

असे हात निसर्गानं आधीच करून ठेवले आहेत. कुठं? तुमच्या अंगातल्या सुती सदऱ्यात!

कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो छोटे मणी एकापुढे एक गुंफून त्याची लांब साखळी बनते. अशा लांबलचक साखळीला शास्त्रात पॉलिमर म्हणतात. पॉलिमर सजीवांनी तयार केलेलं असलं की ते जैवपॉलिमर. आमच्या भिवंडीत सायझिंगला ताण्याच्या सुतावर जी कांजी चढवतात, त्या कांजीतला स्टार्चही जैवपॉलिमरच. रेशीम जैवपॉलिमर, लोकर जैवपॉलिमर, तुमचं नखसुद्धा जैवपॉलिमर. आणि पॉलिएस्टर? तेही पॉलिमरच, पण ते खनिज तेलापासून कारखान्यात बनतं, म्हणून त्याला 'जैव' म्हणायचं नाही.

कापड आणि धातू यांची दोस्ती आपल्या रंगाऱ्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. नुसता रंग सुतावर टिकत नाही, धुतला की जातो. म्हणून रंगारी कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवायचे. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हातानं सुताला धरतं आणि दुसऱ्या हातानं रंगाला. काळा रंग हवा असेल तर हिरडा आणि हिराकस. हिराकशीत लोह असतं. हिरड्यातलं टॅनिन त्या लोहाला असं घट्ट धरतं की कापड काळंकुट्ट होतं. म्हणजे झाडाचं फळ धातूला पकडतं, हे आपल्या पणजोबांनाही माहीत होतं. फक्त त्यांनी त्याला रसायनशास्त्र म्हटलं नाही, एवढंच.

रुमालाचा खेळ

हे सगळं मी वर्गात सांगायला लागले तर निम्मी मुलं जांभया द्यायला लागली. मग म्हटलं, चला मैदानावर! हा खेळ तुम्हीही खेळून बघा.

बारा मुलांनी हात धरून साखळी केली. ही झाली जैवपॉलिमरची साखळी. सहा मुलांना लाल फीत बांधली, ती झाली तांब्याचे कण. सहा मुलांना पांढरी फीत, ती झाली मिठातल्या सोडियमचे कण. मी शिटी वाजवली. तांबं आणि सोडियम साखळीच्या हाताखालून सुळकन पळून गेले. साखळीवाले बघतच राहिले! त्यांचे दोन्ही हात एकमेकांना धरण्यात गुंतलेले, धरणार कशानं?

मग मी साखळीतल्या प्रत्येकाच्या कमरेला एक रुमाल खोचला, टोक बाहेर लोंबतं ठेवून. नियम असा : लाल फीतवाल्यानं जाताना रुमाल दिसला की तो धरून तिथंच थांबायचं. पांढऱ्या फीतवाल्यानं रुमालाकडे ढुंकूनही बघायचं नाही. शिटी वाजली. या वेळी सगळं तांबं साखळीला लटकलं आणि सोडियम पलीकडे गेलं!

हा रुमाल खोचणं म्हणजेच जैवपॉलिमरमध्ये सुधारणा करणं. साखळी तीच, पण तिच्यावर शास्त्रज्ञ नवे 'रुमाल' बसवतात. कुठला रुमाल खोचला यावर कुठला धातू धरला जाणार ते ठरतं.

मग मी लाल फीतवाले वाढवले. बाराच्या बारा रुमाल भरले आणि मागून आलेलं तांबं मोकळं पळालं. लगेच प्रश्नवाली ओरडली, "बाई, रुमाल भरले! आता साखळी कामाची नाही!"

अगदी बरोबर. मग मी काही मुलांना पिवळी फीत बांधली. हे आंबट पाहुणे, म्हणजे आम्लातले हायड्रोजनचे कण. त्यांची मोठी टोळी आली आणि तिनं सगळे रुमाल बळकावले. तांब्याला रुमाल सोडावे लागले. सुटलेलं तांबं आम्ही कोपऱ्यातल्या खडूच्या गोलात उभं केलं, पाहुण्यांना निरोप दिला आणि साखळी पुन्हा कामाला तयार झाली.

खऱ्या पाण्यातही असंच करतात. साखळी भरली की तिच्यावरून थोडं आम्ल सोडतात. धातू थोडक्या पाण्यात उतरतो. नाल्यातल्या हजारो लिटर पाण्यात पसरलेलं तांबं आता बादलीभर पाण्यात गोळा झालं! त्या पाण्यातून वीज सोडली की तांबं पट्टीवर चढून बसतं. मग ते खरवडा, विका, पुन्हा वापरा.

यातून आणखी एक गोष्ट कळते. सांडपाणी मुळातच फार आंबट असेल, तर आंबट पाहुणे आधीच रुमाल धरून बसतात आणि तांब्याला जागाच मिळत नाही. म्हणून साखळी वापरण्यापूर्वी पाण्याचा आंबटपणा तपासावा लागतो.

कोळंबी, लिंबू आणि पनीरचं पाणी

आता खरेखुरे रुमालवाले भेटूया.

पहिली कोळंबी. आमच्या खाडीकाठच्या गावांत आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलतात तेव्हा सालांचे ढीग पडतात. त्या सालात कायटिन नावाचं जैवपॉलिमर असतं. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच माणसाला ते सापडलं, पण कोळंबीत नाही बरं का, अळंबीत! कोळंबीची सालं सौम्य आम्लात टाकली की त्यातला चुना निघून जातो. सौम्य कॉस्टिक सोड्यात टाकली की प्रथिनं जातात. उरतं ते कायटिन. आता तेच कायटिन तीव्र आणि गरम कॉस्टिक सोड्यात ठेवलं की त्याच्या रुमालावरची टोपी गळून पडते आणि रुमाल मोकळा होतो. हे झालं कायटोसॅन. त्याचा रुमाल म्हणजे अमीन नावाचा गट, आणि त्याला तांबं फार आवडतं. गंमत म्हणजे कोळंबीच्या रक्तातही तांबं असतं, म्हणून ते निळसर दिसतं! कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं सालांपासून कायटिन आणि कायटोसॅन बनवण्याची पद्धत आपल्या देशात विकसित केली आहे.

पण कायटोसॅनचं एक दुखणं आहे. आंबट पाण्यात ते स्वतःच विरघळतं. झारेकरीच वाहून गेला तर सोनं कोण धरणार? म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी गाठी मारतात आणि साबुदाण्यासारखे मणी बनवतात. मणी नळीत भरायचे, वरून पाणी सोडायचं, खालून घ्यायचं.

दुसरं लिंबू. लिंबात सायट्रिक आम्ल असतं. भुसा किंवा कापसाचा सेल्युलोज सायट्रिक आम्लात भिजवून, वाळवून साधारण १२० अंशांपर्यंत तापवला की ते आम्ल सेल्युलोजला चिकटून बसतं आणि धातू धरायला नवे हात तयार होतात. विचार करा, सूत आमच्या मागावरचं, रुमाल लिंबातला!

तिसरं टॅनिन, म्हणजे आपल्या हिरड्यातलं. जपानमध्ये काकी नावाचं फळ होतं, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. तिथल्या सागा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी काकीच्या टॅनिनमध्ये गाठी मारून असा पदार्थ केला, की तो पाण्यातलं सोनं ओढून घेतो.

आणि चौथं, पनीर करताना उरणारं पाणी! दूध नासवून पनीर काढल्यावर हिरवट पाणी उरतं ना? चीज बनवतानाही तसंच उरतं. त्यात प्रथिनं असतात, आणि प्रथिनं हेही जैवपॉलिमरच. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच या संस्थेत ही प्रथिनं आम्लात तापवून त्यांचे बारीक तंतू केले आणि ते वाळवून हलकाफूल स्पंज बनवला. संगणकाच्या जुन्या २० मदरबोर्डांवरचे धातू आम्लात विरघळवले आणि तो स्पंज त्यात बुडवला. स्पंजानं सोनं धरलं! २०२४ साली त्यांनी जगाला सांगितलं, की त्यातून सुमारे ४५० मिलिग्रॅमचा गोळा मिळाला. शुद्धता? २२ कॅरेट! आपल्या आईचे दागिने असतात तितकी. भंगारवाल्याच्या पोत्यात काय काय असतं, कळलं ना?

हेबर साहेबांचं सोनं

मग तुम्ही विचाराल, असं असेल तर समुद्रातलं सोनंच का नाही काढत? समुद्राच्या पाण्यातही सोनं असतं म्हणे!

असतं. आणि हा विचार एका फार हुशार माणसानं केला होता. फ्रिट्झ हेबर हे जर्मन शास्त्रज्ञ. अमोनिया बनवण्याच्या शोधासाठी त्यांना १९१८ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि तिच्यावर भरपाईचं प्रचंड ओझं आलं. हेबर म्हणाले, समुद्रातून सोनं काढू आणि देशाचं कर्ज फेडू. १९२० नंतरच्या वर्षांत त्यांनी जहाजावर प्रयोगशाळा थाटली, ठिकठिकाणचं समुद्राचं पाणी तपासलं. शेवटी कळलं काय? आधी वाटलं होतं त्याच्या जवळपास हजाराव्या हिश्शाइतकंच सोनं पाण्यात होतं. काढण्याचा खर्च सोन्याच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त! हेबर साहेबांनी तो नाद सोडला.

या गोष्टीत आपल्यासाठी मोठा धडा आहे. धातू एकदा नाल्यात गेला, नाल्यातून आमच्या कामवारी नदीत गेला, तिथून खाडीत आणि समुद्रात गेला, की तो इतका पसरतो की जगातला हुशारातला हुशार झारेकरीही हात टेकतो. म्हणून त्याला पकडायचं ते उगमाशी, म्हणजे कारखान्याच्या नळीतून बाहेर पडण्याआधी. तिथं पाणी थोडं असतं आणि धातू जास्त. झारेकरी झाडू मारतो तो सोनाराच्या उंबऱ्यासमोर, समुद्रकिनाऱ्यावर नाही!

आणखी एक. भरलेले मणी, भरलेला भुसा उकिरड्यावर फेकला तर पहिल्या पावसात धातू परत वाहून जाईल. मग आपण काय केलं? नाल्यातली घाण उकिरड्यावर नेली, एवढंच. धातू पकडला, सोडवून घेतला आणि पुन्हा कामाला लावला, तरच काम पुरं झालं म्हणायचं.

हे सगळं छान असलं तरी अजून प्रयोगशाळेतलं बरंचसं काम मोठ्या कारखान्यात उतरायचं आहे. खऱ्या सांडपाण्यात एकच धातू नसतो. रंग, साबण, तेल, मीठ सगळे एकदम रुमालांवर तुटून पडतात. मणी पुन्हा पुन्हा वापरले की झिजतात. यातलं एखादं कोडं सोडवणारा शास्त्रज्ञ आज कुठल्या तरी शाळेत चौथीत बसला असेल. कदाचित हेच पान वाचत असेल!

घरी करून पाहा

झाडातला पदार्थ धातूला कसा धरतो, ते डोळ्यांनी बघायचंय? मोठ्या माणसाला सोबत घ्या.

एका जुन्या काचेच्या बाटलीत चार-पाच गंजके लोखंडी खिळे टाका. खिळे बुडतील एवढं व्हिनेगर ओता. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. दोन-तीन दिवस मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. मग बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा दोन ग्लासांत घ्या. पहिल्या ग्लासात दोन चमचे साधं व्हिनेगर घाला. चहा जरा फिका होईल. दुसऱ्यात दोन चमचे खिळ्यांचं व्हिनेगर घाला. अरेच्चा! चहाची शाई झाली! चहातल्या टॅनिननं विरघळलेलं लोह पकडलं, म्हणून तो काळा पडला. पहिला ग्लास कशासाठी होता, ते मात्र तुम्ही मला कळवायचं.

प्रयोग झाला की दोन्ही ग्लास रिकामे करून स्वच्छ धुवा. त्यातलं काहीही प्यायचं नाही. आणि नाल्याच्या पाण्यावर घरी कसलाही प्रयोग करायचा नाही. ही माझी सक्त ताकीद!

आईबाबांसाठी चार ओळी

नितळ पाणी आणि पिण्याचं पाणी यांत फरक आहे. तुरटी गाळ बसवते, उकळण्यानं जंतू मरतात, पण धातू यांतल्या कशानंही जाईलच असं नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याची शंका आली तर ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या. घड्याळातले, खेळण्यातले जुने सेल मुलांच्या हातून गटारात जाऊ देऊ नका. आणि वरच्या प्रयोगातून एक घरगुती धडा : लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका. चहातलं टॅनिन ते लोह पोटात धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही.

आता प्रश्नवालीचं काय झालं ते सांगते. खेळाच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, "मुलांनो, तुरटीच्या तासाला मी तुम्हाला एक चुकीचं वाक्य सांगितलं. ते आज दुरुस्त करू." फळ्यावर मी 'नितळ म्हणजे स्वच्छ' असं लिहिलं आणि प्रश्नवालीला बोलावून हातात खडू दिला. तिनं शेवटी चौथा शब्द जोडला : 'नव्हे'.

ते वाक्य आता आमच्या पाण्याच्या माठावर पुठ्ठ्यावर लिहून लावलं आहे. पाणी प्यायला गेलं की प्रत्येक जण ते वाचतो. मीसुद्धा.

पुढच्या आठवड्यासाठी कोडं : 'धातू आहे, पण वाटीत ओतता येतो. पाण्यासारखा वाहतो, पण हात ओला करत नाही. तो कोण?' उत्तर कळलं तरी त्याला हात मात्र लावू नका हं!

तुमची,
बाई